छोट्या ट्रॅक्टरचे गिअर ऑइल: तपासणी आणि बदल

इंजिन ऑइल बदलण्याची वेळ वारंवार येत असल्यामुळे ते सहसा विसरले जात नाही. गिअरबॉक्समधल्या ऑइलची आठवण मात्र लिफ्ट जड होईपर्यंत किंवा ब्रेकमधून आवाज येऊ लागेपर्यंत होत नाही. छोट्या ट्रॅक्टरच्या बाबतीत हे दुर्लक्ष मला अधिक गंभीर वाटते. यांतील बऱ्याच ट्रॅक्टरांमध्ये गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि मागचा अॅक्सल यांचे ऑइल एकच असते, हायड्रॉलिकचा पंप तेच ऑइल ओढून लिफ्ट उचलतो आणि ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक असतील, तर त्यांची उष्णताही तेच वाहून नेते. एक ऑइल बिघडले, की या सगळ्यांची झीज एकाच वेळी सुरू होते.

लेव्हल तपासण्यासाठी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, लिफ्ट पूर्ण खाली सोडावी, हँडब्रेक लावून इंजिन बंद करावे आणि गिअरांवर उडालेले ऑइल खाली उतरेपर्यंत थोडे थांबावे. लिफ्ट वर असताना तिच्या सिलिंडरमध्ये अडकलेले ऑइल मोजणीत येत नाही आणि कमी लेव्हल पाहून आपण उगाच ऑइल ओततो. डिपस्टिक आट्यांची असेल, तर ती पूर्ण आवळून वाचायची की नुसती टेकवून, हे माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे; या एवढ्याशा फरकाने खूण बरीच वरखाली होते. जास्त भरलेले ऑइलही घातकच असते, कारण फिरणारे गिअर ते घुसळतात, त्याला फेस येतो, ते तापते आणि अॅक्सलच्या सीलमधून बाहेर पडू लागते. ब्रेक कोरडे असतील, तर हेच ऑइल ब्रेकपर्यंत पोहोचू शकते.

डिपस्टिक पुसण्यापूर्वी ऑइलकडे नीट पाहावे. ते दुधाळ दिसत असेल, तर आत पाणी मिसळले आहे असे समजावे. पाण्याला आत यायला नादुरुस्त ब्रीदर (गिअरबॉक्समधली हवा आतबाहेर होऊ देणारी झडप) किंवा गिअर लिव्हरचे फाटलेले रबरी बूट पुरेसे असते. गरम गिअरबॉक्स थंड होताना ब्रीदरमधून दमट हवा आत ओढली जाते आणि त्या हवेतले बाष्प आतल्या बाजूने साचते. जोरदार फवाऱ्याने ट्रॅक्टर धुतानाही पाणी याच वाटांनी शिरते. अशा वेळी केवळ ऑइल बदलून भागत नाही. पाण्याची वाट शोधून ती बंद केली नाही, तर नवे ऑइलही दुधाळ होते. जळकट वास किंवा गडद झालेला रंग ऑइल बराच काळ तापल्याचे सांगतो.

नवे ऑइल निवडताना सर्वाधिक चुका होतात. डब्यावर ‘गिअर ऑइल’ लिहिले आहे एवढ्यावर विसंबणे योग्य नाही. जीएल-४ आणि जीएल-५ या गिअर ऑइलच्या प्रती आहेत. जीएल-५ प्रतीच्या ऑइलमध्ये प्रचंड दाब सोसण्यासाठी गंधक आणि फॉस्फरसयुक्त रसायने जीएल-४ पेक्षा बरीच जास्त असतात; त्यांतील काही रसायने पितळ आणि ब्रॉन्झच्या भागांना मारक ठरू शकतात. म्हणून जीएल-४ सांगितले असेल, तिथे ‘पाच म्हणजे चारपेक्षा सरस’ हा हिशेब लावू नये. सामाईक ऑइल असलेल्या ट्रॅक्टरांना यूटीटीओ (गिअर, हायड्रॉलिक आणि ऑइलमधले ब्रेक या सर्वांना चालणारे) वर्गातले ऑइल सांगितलेले असते. ते गिअरच्या दातांमध्ये टिकाऊ थर ठेवते, ऑइलमधल्या ब्रेकना आवश्यक तेवढे घर्षण मिळू देते आणि पंपाला सहज ओढता येईल इतके पातळ राहते. तिथे साधे जाड गिअर ऑइल ओतले, तर थंडीत पंपाला पुरेसा पुरवठा होत नाही आणि ब्रेक कर्कश वाजू शकतात. ट्रॅक्टर हायड्रोस्टॅटिक (ऑइलच्या दाबाने चाकांना गती देणारा) असेल, तर कंपनीने सांगितलेल्या ऑइलखेरीज दुसरे काही वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑइल काढण्याआधी ट्रॅक्टर थोडा चालवून ते कोमट करून घ्यावे, म्हणजे तळाची घाणही त्याच्याबरोबर वाहून येते. फार गरम ऑइलने हात भाजतो, याचेही भान असावे. खालचा ड्रेन प्लग उघडण्यापूर्वी वरचा भरण्याचा प्लग सैल होतो की नाही हे मी नेहमी पाहतो. तो गंजून बसलेला असेल, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन खोळंबावे लागते. ड्रेन प्लग अनेकदा एकाहून अधिक असतात, आणि अॅक्सलच्या घरांखालचे प्लग तसेच राहिले, तर बरेच जुने ऑइल आतच उरते.

प्लगला चुंबक असेल, तर त्यावरचा बारीक राखाडी लेप नेहमीच्या झिजेचा असतो. बोटांना जाणवणारे कण, पत्र्यासारखे कपचे किंवा दाताचा तुकडा सापडला, तर मात्र नवे ऑइल भरण्याची घाई करू नये. आधी गिअरबॉक्स जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावा. पितळी चमक चुंबकाला चिकटत नाही, म्हणून काढलेले ऑइल उजेडात हलवूनही पाहावे.

फिल्टर बदलून, ऑइल गाळणारी जाळी धुऊन आणि प्लगला नवे वॉशर लावून ऑइल भरावे. नंतर इंजिन सुरू करून लिफ्ट काही वेळा वरखाली करावी, म्हणजे फिल्टर आणि नळ्या भरतात. मग लिफ्ट खाली सोडून, इंजिन बंद करून लेव्हल पुन्हा पाहावी, कारण ती जवळजवळ नेहमीच उतरलेली असते. फोर व्हील ड्राइव्ह असेल, तर पुढच्या अॅक्सलचे ऑइल बहुधा वेगळे असते आणि त्याची तपासणीही स्वतंत्रपणे करावी लागते. जुने ऑइल जमिनीत किंवा गटारात न ओतता झाकणाच्या डब्यात साठवून ते गोळा करणाऱ्यांकडे द्यावे, आणि तासमीटरवरचा आकडा व वापरलेल्या ऑइलची प्रत त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावी.