दुखत नव्हता तो पाय

पंढरीच्या वारीला दुकानातून सलग रजा मिळत नाही. त्यामुळं माझी वारी म्हणजे जोतिबाचे खेटे, माघ पौर्णिमेनंतरच्या रविवारी कोल्हापुरातून जोतिबाच्या डोंगरावर चालत जायचं. हिमालयाकडं निघालेल्या जोतिबाला थांबवायला अंबाबाई कोल्हापुरातून अनवाणी चालत गेली, असं आमच्याकडं सांगतात. म्हणून आम्हीही अनवाणीच जातो. अंधारात पंचगंगेवर आंघोळ करायची, शिवाजी पूल ओलांडायचा, मग वडणगे, निगवे, कुशिरे आणि शेवटी गायमुखापासूनचा चढ.

यंदा पहिल्याच खेट्याला कुशिऱ्याच्या अलीकडं मी रस्त्याच्या कडेला बसले. उजवी टाच टेकवत नव्हती. थोरल्या जाऊबाई, आमच्या अक्का, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठ्या, बारा वर्षांची शुगर. त्या मात्र पुढं जाऊन उभ्या. "माझे पाय बघ, कधी कुरकुर नाही," म्हणाल्या. मला तेव्हा त्यांचा हेवा वाटला.

टाच आठ महिने दुखत होती. महाद्वार रोडला साड्यांच्या दुकानात मी दिवसाचे नऊ-दहा तास फरशीवर उभी असते. सकाळी अंथरुणातून उठून पहिली पावलं टाकताना टाचेत खिळा घुसल्यागत व्हायचं, चार पावलांनी कमी यायचं आणि रात्री पुन्हा तेच. एका दवाखान्यात एक्स-रे बघून "हाड वाढलंय" म्हणून इंजेक्शन दिलं. महिनाभर बरं वाटलं, मग पुन्हा सुरू. माझ्या चपलेकडं तिथं कुणी बघितलंसुद्धा नाही.

खेट्यानंतरच्या मंगळवारी पायांच्या तज्ज्ञ मॅडमकडं गेले. परदेशात या कामाचं पोडिआट्री म्हणून वेगळं शिक्षण असतं; आपल्याकडं बहुतेक हाडांचे, शुगरचे डॉक्टर नाहीतर फिजिओथेरपिस्टच ते बघतात. मॅडमनी आधी मला अनवाणी चालायला लावलं आणि मागं उभं राहून बघितलं. मग माझी चप्पल उलटी करून झीज बघितली. गुडघा सरळ ठेवून पाऊल वर वाकवायला सांगितलं, तर ते जेमतेम काटकोनापर्यंत आलं. "दुखणं टाचेत आहे, पण पोटरी बघा किती आखडलीय," त्या म्हणाल्या. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, पायाची कमान तो धरून ठेवतो. पोटरी आखडली की चालताना त्याच्यावर ताण येतो. वाढलेलं हाड कितीतरी न दुखणाऱ्या टाचांतही दिसतं, आणि इंजेक्शनं पुन्हा पुन्हा घेतली तर तो पट्टा तुटायची भीती असते, हेही त्यांनी समजावलं.

मला मिळाले ते व्यायाम आणि मऊ टाचेचे बूट. अंथरुणातून उतरायच्या आधी पायाची बोटं हातानं मागं ओढून धरायची. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची. पायरीवर बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाचा सावकाश उचलायच्या. "महिने लागतील, पण बहुतेकांचं याच्यानंच बरं होतं," म्हणाल्या. दुसरा आणि तिसरा खेटा बंद.

अक्का नुसत्या सोबतीला आल्या होत्या. शुगर आहे म्हटल्यावर मॅडमनी त्यांनाच खुर्चीत बसवलं. "डोळे मिटा. पायाला काही लागलं की हो म्हणायचं." हातात नायलॉनचा बारीक दोरा होता, 10 ग्रॅम दाबाला वाकणारा. दोरा अंगठ्याखाली टेकला, वाकला. मग मधल्या बोटाखाली. मग चवड्यावर. मी बघत होते, खोलीत कुणीच बोलत नव्हतं. सहाव्या ठिकाणी दोरा वाकला तेव्हा डोळे मिटलेल्या अक्का म्हणाल्या, "करा की सुरू."

डाव्या चवड्याखाली घट्ट्यात बाभळीचा काटा मोडून बसला होता. भोवतीची कातडी काळपट, आत पू. याच पायानं अक्का खेटा करून आल्या होत्या. शुगरनं नसा मेल्या की काटा कळत नाही, चटका कळत नाही, दुपारची देवळातली तापलेली फरशीही कळत नाही. आणि अशी जखम चिघळली तर पाय कापायची वेळ येते.

जखम साफ झाली आणि पायावर भार द्यायला बंदी आली. अक्का रडल्या ते नवस मोडला म्हणून. मॅडम त्यांच्याजवळ स्टुलावर बसल्या. "देवाला जायचंच हो. जखम भरल्यावर, गाडीनं. देवळातसुद्धा मोजे काढायचे नाहीत. आणि मोजे पांढरे घ्या, रक्त आलं तर दिसेल."

पाचव्या खेट्याला मी बूट घालून चालले. वडणग्यात एका आजींनी विचारलं, "बूट घालून खेटा गं?" मी तिथंच थांबून त्यांना दोऱ्याची गोष्ट सांगितली आणि त्यांना शुगर आहे का विचारलं. होती.

अक्का पुतण्याच्या गाडीनं डोंगरावर आल्या. दर्शन झालं, चांगभलं झालं. बाहेर पायरीवर त्यांना बसवलं आणि बघते तर डाव्या मोज्याला खाली लालभडक डाग. माझ्या हातापायातलं बळच गेलं. मोजा काढला, मोबाईलच्या उजेडात चवडा, बोटांच्या फटी, टाच, सगळं बोट फिरवून बघितलं.

"काय दिसतंय गं?" अक्कांनी विचारलं.

"गुलाल हाय, अक्का. गुलालच हाय."