लॉग टेबलने कृष्णविवराची एन्ट्रॉपी

आर्वी तालुक्यातलं कनिष्ठ महाविद्यालय, बारावी विज्ञान. थर्मोडायनॅमिक्सचा धडा संपवताना मी फळ्यावर पुस्तकाबाहेरचं गणित दिलं: सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची एन्ट्रॉपी (आतली मांडणी किती प्रकारे असू शकते, याचं माप) काढा. बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, म्हणून लॉग टेबलनेच.

त्रिज्या २.९५ किलोमीटर. तिचे मीटर करून क्षेत्रफळ काढलं की १.०९ गुणिले १० चा ८ वा घात, चौरस मीटर. मग प्लँक क्षेत्रफळ: एच-बार (प्लँक स्थिरांक एच भागिले २ पाय) गुणिले गुरुत्व स्थिरांक जी, भागिले प्रकाशाचा वेग सीचा घन, येतं २.६१ गुणिले १० चा उणे ७० वा घात. त्याच्या चौपटीने पहिल्याला भागायचं. उत्तर, बोल्ट्झमन स्थिरांक हे एकक धरून, साधारण १० चा ७७ वा घात. खुद्द सूर्याची एन्ट्रॉपी १० च्या ५८ व्या घाताच्या आसपास आहे.

काहींचं उत्तर सहापट लहान आलं; त्यांनी एच-बारऐवजी नुसता एच घेतला होता. काहींचं सातपट मोठं. प्लँक क्षेत्रफळाचा लॉग येतो बार ७० पॉइंट ४१६६. बार फक्त ७० वर असतो, ४१६६ धनच राहतात. पोरांनी सगळंच ऋण धरलं. दरवर्षीचं दुखणं! पडताळा सोपा आहे: वस्तुमान दुप्पट केलं की एन्ट्रॉपी चौपट व्हायला हवी. आठपट झाली तर कुठेतरी घनफळ घुसलंय. एन्ट्रॉपी क्षेत्रफळावर ठरते, हेच तर भौतिकशास्त्रज्ञ बेकेनस्टाइनचं १९७२-७३ मधलं म्हणणं.

कृष्णविवर किरण सोडत हळूहळू आटतं, हे स्टीफन हॉकिंगचं म्हणणंही मी सांगितलं होतं. एवढ्यात एका मुलीने विचारलं, "सर, पऱ्हाटी जाळली त राख तरी उरते. हे आटून गेल्यावर काय उरते?"

खरा पेच तिने नेमका पकडला. राख, धूर, उजेड सगळं टिपता आलं, तर तत्त्वतः पऱ्हाटीची (कपाशीच्या वाळल्या काड्यांची) माहिती त्यात सापडते. हॉकिंगच्या हिशेबात मात्र किरणोत्सर्ग फक्त वस्तुमान, विद्युतभार आणि फिरकीवर ठरतो. आत काय पडलं होतं, याचा मागमूस नाही. माहिती अशी पुसली जाणं क्वांटम नियमांना चालत नाही. भौतिकशास्त्रज्ञ डॉन पेजने १९९३ मध्ये दाखवलं, की माहिती टिकत असेल तर कृष्णविवराची एन्ट्रॉपी साधारण निम्मी होईपर्यंत बाहेरच्या किरणांतून जवळपास काहीच कळणार नाही, त्यानंतर कळू लागेल. २०१९ मधल्या गणितांतून हेच चित्र निघालं. माहिती नेमकी कोणत्या वाटेने बाहेर येते, यावर अजून वाद आहे.

"मंग मोजून पाहाचं ना!"

तापमानच आडवं येतं. या कृष्णविवराचं ते ०.०००००००६ केल्विन, भोवतालच्या अवकाशाचं २.७. म्हणजे सध्या ते आटत नाही, उलट उष्णता आत घेतं. भोवताल पुरेसा थंड झाल्यावरही पूर्ण आटायला १० च्या ६७ व्या घाताइतकी वर्षं लागतील.