पाहुणा आधी, चूल नंतर

२१ जानेवारी, रात्री उशिरा

आई फोनवर सहज म्हणाली, "अगं, हा मासा वाळलाय." खाऱ्या पाण्याच्या टाकीतले तिला काही कळत नाही, मँडरिन हे या माशाचे नावही तिने आजच ऐकले आणि पडद्यावर मासा तिला जेमतेम दहा सेकंद दिसला असेल. तरीही पाच आठवडे रोज टाकीसमोर बसून जे मला दिसले नाही, ते तिला दिसले. फोन ठेवल्यावर मी टॉर्च घेऊन पाहिले. निळ्या-नारिंगी नक्षीखालचे पोट खपाटीला गेले आहे; बोटाने दाबून खळगा करावा, तशी कूस आत ओढली गेली आहे.

गोठवलेली कोळंबी याच्या नाकासमोरून खाली जाते आणि हा तिच्याकडे बघतही नाही. दिवसभर दगडावरून फिरत, थांबत, मान तिरपी करत तो एकेक जिवंत कोपेपॉड, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारा कवचधारी जीव, टिपतो. म्हणून त्याच्यासाठी मुरलेली, कोपेपॉडांची पैदास स्थिरावलेली टाकी हवी, हे मी वाचले होते. माझी टाकी चाळीस गॅलनची आणि अवघ्या चार महिन्यांची. तरी दुकानात तो दिसला आणि मी घेऊन आले. पाहुण्याला पाटावर बसवले आणि मग चूल पेटवायला गेले.

चूलही धड पेटवली नाही. कोपेपॉडांची पहिली बाटली मी भर दुपारी, दिवे आणि पंप चालू असताना ओतली. त्यात टायग्रिओपस जातीचे कोपेपॉड होते: नारिंगी, मिलिमीटरभर लांबीचे, मोकळ्या पाण्यात पोहणारे. टाकीतल्या दुसऱ्या माशाने, सिक्सलाइन रॅसने, त्यांचा फडशा पाडला आणि उरलेले गाळणीच्या पिशवीत अडकले. दुसऱ्या दिवशी पिशवी उलटी करून सिंकमध्ये धुताना कापडावर नारिंगी ठिपके दिसले. त्यांतले काही अजून हलत होते, हे लक्षात आले तोवर नळाचे गोडे पाणी त्यांच्यावरून वाहून गेले होते. निखिल तेव्हा काहीच म्हणाला नाही. ते एक असो.

आईला दहा सेकंदांत दिसले, हे मात्र मनातून जात नाही. मला दिसत नव्हते, की बघायचे नव्हते? तिने मागच्या आठवड्यात माझ्याबद्दलही काहीतरी विचारले होते आणि मी विषय बदलला होता.

दुसरी बाटली टिस्बे या दुसऱ्या जातीच्या कोपेपॉडांची आहे. हे आकाराने बारीक, दगडांच्या फटींत आणि काचेवर सरपटणारे, त्यामुळे सहजासहजी रॅसच्या तोंडी न पडणारे. काल रात्री दिवे मालवून, पिशवी काढून, स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारे यंत्र) आणि पंप तासभर बंद ठेवून निम्मे दगडांच्या पायथ्याशी नळीने सोडले. उरलेले टाकीखालच्या कप्प्यात, केटोमॉर्फा शेवाळाच्या हिरव्या गुंत्यात, जिथे कोणताही मासा पोहोचत नाही. रोज त्यांना खायला नॅनोक्लोरोप्सिस या सूक्ष्म शैवालाचे हिरवे पाणी द्यायचे. नवी पिढी वयात यायला साधारण दोन आठवडे लागतात. तोवर माशासाठी आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या कोळंबीसारख्या जिवाची, अंडी वेगळ्या बरणीत उबवायची. ती दिवसाभरात फुटतात आणि त्यांची वळवळ पाहून हा निदान तोंड उघडेल, अशी आशा आहे.

आणि मी काय करते आहे? दर अर्ध्या तासाने टॉर्च घेऊन खालच्या कप्प्याशी उकिडवी बसते. विरजण लावल्यावर भांडे पुन्हा पुन्हा हलवून बघणाऱ्या पोरीला आई जे सुनावायची, ते मला तोंडपाठ आहे, तरी बसते. आता अकरा वाजता काचेवर एक पांढरा ठिपका दिसला. धूळ असती तर पाण्याबरोबर वाहत गेली असती. हा ठेचकाळत, झटके देत वर चढला. नंतर आणखी तीन दिसले, किंवा त्यांतला एक मी दोनदा मोजला.

उद्या आई माझ्याआधी माशाची चौकशी करणार, हे नक्की. फोन टाकीपासून जरा लांब धरीन.