पेरिएचा परिच्छेद वाचला, नक्कल उलट्या दिशेने झाली होती

मराठी विकिपीडियावरच्या 'वायुभारमापक' लेखातल्या ज्या परिच्छेदावर, एका शैक्षणिक संकेतस्थळावरून नक्कल केल्याच्या संशयाने, प्रताधिकारभंगाचा साचा (इशाऱ्याची तयार पाटी) लागला होता, त्याचा छडा लागला. मजकूर त्या शैक्षणिक संकेतस्थळावरून आपल्याकडे आलेला नाही, आपल्याकडून तिकडे गेलाय.

नक्कल शोधणाऱ्या अर्विगच्या डिटेक्टरने भरघोस जुळणी दाखवली होती, आणि घोळ तिथेच झाला. मजकूर जुळतो एवढंच ते साधन सांगतं. आधी कोणी लिहिला, हे नाही. जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनवर त्या पानाची पहिली नोंद आपल्या संपादनानंतरची निघाली, पण तेवढ्याने भागत नाही. पान आधीचं असून नोंद उशिरा झालेली असू शकते. म्हणून 'इतिहास' उघडून आवृत्त्या एकीशेजारी एक लावल्या. १९ सप्टेंबर १६४८ ला शास्त्रज्ञ पास्कालचा मेहुणा फ्लोरँ पेरिए फ्रान्समधल्या प्वी द दोम डोंगरावर चढला आणि वर नळीतला पारा उतरला, एवढंच पहिल्या आवृत्तीत होतं. पायथ्याच्या मठात ठेवलेल्या दुसऱ्या नळीची माहिती नंतर कोणीतरी घातली. 'टेकडी'चा 'डोंगर' त्याच्याही नंतर झाला. संकेतस्थळावर हे सगळे बदल जसेच्या तसे आहेत. शिवाय वाक्याच्या मधोमध आपल्या संदर्भाचा सुटा आकडा [४], आणि खाली संदर्भयादीच नाही! तो आकडा दिसला तेव्हा फार बरं वाटलं.

आपला मजकूर सीसी बाय-एसए ४.० या मुक्त परवान्याखाली कोणीही वापरावा, पण श्रेय द्यावं आणि परवाना तोच ठेवावा. तिकडे दोन्ही गायब. चर्चापानावर पुराव्यांसह उलट-नकलेचा (म्हणजे नक्कल तिकडे झाली, असं सांगणारा) साचा लावलाय.

पण मधल्या काळात कोणीतरी याच परिच्छेदाला संदर्भ म्हणून तेच संकेतस्थळ जोडलंय. म्हणजे आपल्या वाक्याला आपलंच वाक्य साक्षीदार. तो संदर्भ काढला. विकिपीडियाच्या व्हिज्युअल एडिटरमध्ये वेबपत्ता टाकला की संदर्भ झटपट तयार होतो, पण स्रोत पारखायचं काम आपलंच. पेरिएचं पत्र पास्कालने १६४८ मध्येच छापलं होतं; ते देईन, सोबत विज्ञानेतिहासाचं एखादं पुस्तक, पृष्ठक्रमांकासकट.

पुढचा नंबर वायुभारमापक बनवणाऱ्या तोरिचेल्लीचा होता, पण हे लिहिता लिहिता आवृत्त्या पुन्हा चाळल्या. पहिली आवृत्ती सरळसरळ इंग्रजी लेखाचा अनुवाद आहे आणि संपादन सारांशात दुवा नाही. म्हणजे तिथल्या संपादकांचं श्रेय आपल्याकडून द्यायचं राहिलंय. तोरिचेल्ली थांबेल. आधी एक नाममात्र संपादन करून सारांशात मूळ लेखाचा दुवा देतो, चर्चापानावर अनुवादाचा साचा लावतो. त्याच सदस्याचे बाकीचे अनुवादही तपासायला घेतोय.