पोट आलेला जॉब

आयटीआयच्या फिटर शॉपमध्ये शिकवायला लागून मला यंदा एकोणीस वर्षं झाली. त्याआधी नऊ वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, मशीन शॉपला होतो. हात चांगला होता, त्यामुळे माझी पक्की समजूत होती की ज्याला काम येतं त्याला शिकवताही येतं. ही समजूत पत्र्याच्या एका डब्यात पडलेल्या वीस लोखंडी तुकड्यांनी मोडली.

पावसाळ्याचे दिवस होते. दुपारची लाईट गेलेली, म्हणजे ड्रिलिंग मशीन बंद, ग्राइंडर बंद. पोरं कौलावरचा पाऊस ऐकत बसलेली. मी म्हटलं, चला, तपासायचे राहिलेले जॉब, म्हणजे पोरांनी सरावाला केलेले तुकडे, तरी हातावेगळे करू. पहिलाच जॉब: माइल्ड स्टीलची 75 गुणिले 75 मिलिमीटरची प्लेट, चारी बाजू कानशीनं घासून सपाट आणि एकमेकींना काटकोनात करायच्या. फिटरची ही बाराखडीच. तपासायची पद्धत साधी. बाजूवर गुण्याचं, म्हणजे काटकोन तपासायच्या हत्याराचं, पातं ठेवायचं, खिडकीकडे धरायचं आणि पात्याखालून उजेड येतो का ते बघायचं.

पहिला जॉब धरला. मधे उजेड नाही, दोन्ही टोकांना आहे. म्हणजे बाजू मधे फुगलीय, आमच्या शॉपच्या भाषेत पोट आलंय. दुसरा धरला, पोट. तिसरा, पोट. विसातल्या सतरा जॉबना पोट!

हे दरवर्षीच व्हायचं. दरवर्षी मी ओरडायचो, "हात सरळ ठेव रे, कानस डुलवू नको." पोरगं तोंड पाडून म्हणायचं, "सर, घासलो खरं उजेड जाईना." (आमच्याकडे 'पण'च्या जागी 'खरं' येतं, पुण्याच्या वाचकांनी गोंधळू नये.) मग मी त्याच्या हातातली कानस घेऊन दहा हात मारायचो, उजेड घालवायचो आणि "बघितलास? असं," म्हणून पुढच्या बेंचवर जायचो. माझ्या लेखी शिकवून झालं.

त्या दुपारी मात्र सतरा तुकडे टेबलावर ओळीनं मांडले आणि उद्यमबागेतली जुनी गोष्ट आठवली. बेळगाव म्हणजे फाउंड्र्यांचं गाव. एखादं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, खराब निघालं तर साचा भरणाऱ्या मोल्डरला विचारतात, बाबा, काय केलंस? पण लॉटमधल्या सगळ्या कास्टिंगना एकाच जागी एकच खोट असेल तर मोल्डरला कोण काही बोलत नाही. ज्या नमुन्यावरून सगळे साचे घेतात, तो पॅटर्न काढून बघतात. इथं पॅटर्न कोण, हे सांगायला दुसरं कोणी नको होतं.

दुसऱ्या दिवशी एका पोराच्या हातात मोबाइल दिला आणि माझं शिकवणं बाजूनं शूट करायला लावलं. घरी जेवण झाल्यावर बघितलं. स्वतःचा आवाज ऐकून जे वाटतं ते सगळ्यांनाच वाटतं, ते सोडा. पण मी निम्मं बोलणं कानस चालू असतानाच बोलत होतो. लोखंडावर कानशीचा आवाज, त्यात माझं बोलणं, मागच्या ओळीला शब्दही पोचत नसणार. दुसरं म्हणजे मी पोरांकडे तोंड करून उभा. माझा डावा त्यांना उजवीकडे दिसतोय, पाय तर बेंचमागे लपलेलेच.

तिसरी गोष्ट कळायला क्लिप चारदा बघावी लागली. पुढे ढकलायला सुरुवात करताना माझा भार पुढच्या, म्हणजे टोकावरच्या डाव्या हातावर असतो. मधे आल्यावर दोन्हीवर सारखा. शेवटी सगळा मुठीवरच्या उजव्या हातावर. म्हणूनच कानस पाळण्यासारखी डुलत नाही आणि पोट येत नाही. हे मी तोवरच्या अकरा वर्षांच्या शिकवण्यात एकदाही तोंडानं सांगितलं नव्हतं! लपवलं नव्हतं हो, मला येतंय हेच मला माहीत नव्हतं. माझ्या मिस्त्रीनंही ते बोलून शिकवलं नव्हतं. माझ्या हातावर हात ठेवून त्यानं कानस चालवली होती, आणि चुकलं की त्याच हातानं टपलीही दिली होती. हातातून हातात आलेली गोष्ट माझ्या तोंडापर्यंत पोचलीच नव्हती.

मग उरलेल्या तिघांचे जॉब सपाट कसे? दोघांचे नशिबानं, तेही नीट नव्हतेच. तिसरा होता सवदत्तीकडचा, सुताराच्या घरातला, कन्नड मीडियमचा. मराठी त्याला जेमतेम. माझ्या तासाला कायम "हूं री सर" म्हणून मान हलवणारा. त्याला विचारलं, तू कसं केलंस? त्यानं हवेतच रंधा मारून दाखवला. लाकडावर रंधा ठेवताना दाब पुढच्या टोकावर, लाकूड संपताना मागच्या टोकावर, नाहीतर फळीची दोन्ही टोकं खाल्ली जातात. "मोदल मुंदिन कै, आमेल हिंदिन कै." आधी पुढचा हात, मग मागचा हात. मी सतरा पोरांसाठी शोधत होतो ते वाक्य याच्याकडे घरून आलेलं होतं.

त्यालाच पुढे बोलावलं, इतरांना दाखव म्हटलं, आणि मी मागच्या बेंचजवळ जाऊन उभा राहिलो. चहाच्या वेळी एक सहकारी म्हणाले, "काय सर, पोरगं शिकवतंय आणि पगार तुम्ही घेताय व्हय?" हसलो. थोडं लागलंही.

त्या वर्षापासून मी एक वही ठेवतो. दोनशे पानी, साधी. जॉबचं नाव, खाली वीस नावं, प्रत्येकासमोर चूक काय ती. मार्कांची नव्हे, चुकांची वही. नियम एवढाच की विसात पाचांहून जास्त जणांची चूक सारखी असली तर पोरांना बोलायचं नाही, पुढच्या बॅचला ते शिकवणं बदलायचं. भोकात आटे पाडायचे टॅप मोडायचे, त्याचं कारण वहीतच सापडलं. M10, म्हणजे 10 मिलिमीटरच्या आट्यासाठी 8.5 मिलिमीटरचं भोक सगळे बरोबर पाडायचे, पण टॅप तिरपा उतरतोय हे सात-आठ फेरे गेल्यावर कळायचं. आता दोन फेऱ्यांनंतर थांबवतो, दोन बाजूंनी गुण्या लावायला लावतो, मगच पुढे. टॅप मोडणं पूर्ण थांबलं नाही. स्टोअरकीपरचं बोलणं मात्र थांबलं.

वर्नियरनं, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या सरकत्या पट्टीनं, मला सगळ्यात जास्त लाज आणली. मुख्य पट्टीवरचे 49 मिलिमीटर वर्नियरवर 50 भागांत वाटलेत, म्हणून एक भाग 0.98, फरक 0.02, हाच लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान माप. फळ्यावर हे मी झोपेतही सांगेन. सांगून झालं की विचारायचो, "कळलं का?" वर्ग एका सुरात, "होय सर." पुढे वही म्हणायची, चौदा जणांचं रीडिंग चुकलेलं. शेवटी खडेबाजारातून वीस पाट्या आणल्या, लहान पोरांच्या असतात तसल्या. आता विचारतच नाही कळलं का. वर्नियर एका मापावर लॉक करून फिरवतो, प्रत्येकानं रीडिंग पाटीवर लिहायचं आणि एकदम वर धरायचं. पहिल्या दिवशी एकाच मापाची नऊ वेगवेगळी उत्तरं वर आली. अठरा-एकोणीस वर्षांच्या मिशा फुटलेल्या पोरांना पाटी दिली म्हणून प्राचार्यांच्या कपाळाला आठी पडली. ती अजून तशीच आहे.

प्रशिक्षणांबद्दल विचाराल तर सीआयटीएसचं, म्हणजे आयटीआयच्या शिक्षकांसाठीच्या प्रशिक्षणाचं, एक वर्ष मी केलंय आणि ते फुकट गेलं नाही. तयारी, सादरीकरण, शिकणाऱ्यानं करून बघणं, मग तपासणी, या चार पायऱ्या तिथं घोकल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्या कामगारांना चटचट तयार करायला हीच रीत वापरली होती. शिकणारा शिकला नसेल तर शिकवणाऱ्यानं शिकवलंच नाही, असं त्यांचं वाक्यही आहे. परीक्षेत लिहून मार्क घेतले आणि शॉपमध्ये येऊन विसरलो. नंतरच्या दोन-तीन दिवसांच्या शिबिरांबद्दल काय बोलू? जेवण चांगलं असतं. त्यापेक्षा मे महिन्याच्या सुट्टीत ओळखीच्या कारखान्यात पंधरा दिवस सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या मशीनवर, उभा राहिलो, ते कामाला आलं. चोविशीतला पोरगा मला म्हणायचा, "काका, ऑफसेट बघा आधी, बटण नंतर." (ऑफसेट म्हणजे हत्याराच्या मापाचा मशीनला दिलेला आकडा.) आणि मी आधी बटणाकडेच जायचो.

पण खरं शिकलो ते कन्नड वाचायला बसलो तेव्हा. माझी शाळा मराठी. बोलता येतं, गल्लीत, बाजारात, बसमध्ये ऐकून ऐकून आलेलं. वाचता मात्र येत नव्हतं, बसची पाटीसुद्धा दुसऱ्याला विचारायचो. भाषेवरून आमच्या भागात काय काय झालंय आणि होतं ते सगळ्यांना माहीत आहे, मी ते शॉपच्या दारात चपलांबरोबर ठेवतो. एकाच बेंचवर नंदगडचा एक, बैलहोंगलचा एक आणि शहरातला उर्दू बोलणारा एक असताना 'कानस'ला कन्नडमधलं 'अर' म्हटल्यानं माझं काही जात नाही.

तर पन्नाशीला टेकल्यावर आयटीआयची पुस्तकं काढणाऱ्या निमी संस्थेची फिटरची मराठी आणि कन्नड पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून अक्षरं लावायला लागलो. चित्रं तीच, आकडे तेच, म्हणजे अर्थाचा प्रश्न नव्हता. पण प, व, म, ष ही चार कन्नड अक्षरं मला महिनाभर एकसारखीच दिसत होती. मुलाच्या वयाचं पोरगं सांगायचं, "सर, ह्याच्यात रेघ आहे की, दिसत नाही व्हय?" नव्हती दिसत. वर्नियरवर कुठली रेघ कुठल्या रेघेला जुळलीय हे न दिसणाऱ्या पोरावर मी ज्या आवाजात ओरडायचो, तो आवाज मला तेव्हा आठवला.

यंदाच्या नव्या बॅचला ड्रिलिंग मशीनजवळची सूचना मी स्वतः कन्नडमध्ये लिहिली. चकमध्ये, म्हणजे ड्रिल पकडणाऱ्या भागात, चावी विसरू नका, हातमोजे घालून ड्रिल करू नका, एवढंच. खडूनं, मोठ्या अक्षरांत, जरा ऐटीतच. मागून एक मुलगी म्हणाली, "तलेकट्टु बिट्टीरि सर." म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची खूण सोडलीत. पुढे येऊन तिनं माझ्या हातातला खडू घेतला आणि तीन ठिकाणी दुरुस्ती केली.

संध्याकाळी वहीत वीस नावांखाली माझं नाव घातलं आणि समोर लिहिलं: तलेकट्टु, तीन.