भाच्याचा प्रश्न आणि खारा वारा
काल भाचा चाकणहून आमच्या कोथरूडच्या घरी आला. कारखान्यात मेंटेनन्सला आहे. चहा यायच्या आत विचारलंच, "मामा, पार्ट ठरावीक तासांनी बदलायचा, की बिघाडाची चाहूल लागल्यावर?"

मी कुलाब्याला आयएनएस शिक्रावर, म्हणजे नौदलाच्या हवाई तळावर, सी किंग हेलिकॉप्टरं सांभाळायचो. तिथे उड्डाणाच्या तासांइतकंच कॅलेंडर महत्त्वाचं. हेलिकॉप्टर उडो न उडो, खाऱ्या वाऱ्यातलं मीठ गंजवायचं आपलं काम करतच असतं. म्हणून समुद्रावरून परतलं की गोड्या पाण्याने आंघोळ, इंजिनाच्या कॉम्प्रेसरलासुद्धा. पुण्याच्या हवेत वाढलेल्याला हे पटायला वेळ लागतो.

पण सगळंच तासांवर बदलणं म्हणजे शुद्ध घबराट. १९७८ साली नोलन आणि हीप या तिथल्याच माणसांनी अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सच्या अनुभवावरून दाखवलं, की विमानाच्या ८९ टक्के भागांना वयाची मुदत घालून फायदा नाही. चांगला चाललेला गिअरबॉक्स उगाच उघडला, की आपल्याच हातून नवी चूक आत जाते. त्यापेक्षा तेलातला चुरा पकडणाऱ्या चुंबकी प्लगवर धातूचा चुरा येतोय का बघा, कंपनं मोजा. रोटरच्या ठरावीक आयुष्याच्या भागांना मात्र सूट नाही. तास भरले, की उतरवायचे.

"म्हणजे प्रत्येक पार्टचं धोरण वेगळं?"

"हो. तुझ्या स्कूटरचं ऑइल कधी बदललंस?"

तो चहा प्यायला लागला.