आदिरंगाच्या बेटावर

आषाढीला गुडघ्यानं दगा दिला, पंढरी चुकली. ती रुखरुख घेऊन चैत्र वद्य एकादशीला आम्ही सात जण म्हैसूरहून श्रीरंगपट्टणला पायी निघालो. अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर, पण नवाच्या आतच डांबर तापलं आणि माझी टाच सोलली. "माऊली, रिक्षा बघू का?" म्हणून सगळ्यांनी चिडवून घेतलं.

पुलावर टेकलो. खाली कावेरीचे खडक उघडे पडलेले, एक बाई दगडावर सतरंजी आपटत होती. या नदीच्याच भरवशावर इथं राजधानी वसली. नदीचे दोन फाटे, मधे सुमारे पाच किलोमीटर लांबीचं बेट, पश्चिम टोकाला किल्ला. 1610 मध्ये म्हैसूरच्या राजा वोडेयारांनी ते विजयनगरच्या सुभेदाराकडून घेतलं; पुढे हैदर आणि टिपूनं राज्य हाकलं ते इथूनच. पावसाळ्यात नदी फुगली की शत्रूची कसली मजाल! ज्याला बेट हवं त्यानं उन्हाळ्यात यायचं आणि पावसाच्या आत उरकायचं.

1791 च्या मे महिन्यात टिपूवर चालून आलेल्या इंग्रज गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसला ते साधलं नाही. अरकेरेची लढाई जिंकली, पण पाऊस लागला, बैल मेले, जड तोफा स्वतःच फोडून तो माघारी वळला. आणि तेव्हा वाटेत भेटले कोण? त्याच्या मदतीला निघालेले मराठे सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन! भाऊंचे कित्येक महिने धारवाडच्या वेढ्यात गेले होते. सोबत धान्य मात्र मुबलक. ते उपाशी इंग्रजांना चढ्या भावानं विकलं गेलं. आमच्यातले दोघे भाऊंच्या तासगावचे, त्यांना याचं भारी कौतुक. त्याच मोहिमेत भाऊंच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला आणि मठाला मदत टिपूनं पाठवली, हे सांगितल्यावर दोघे टाळ पुसायला लागले.

1792 मध्ये इंग्रज, मराठे आणि निजाम असे तिघे दोस्त मिळून आले. टिपूचं अर्धं राज्य गेलं, दोन मुलं ओलीस गेली. 4 मे 1799 ला भर दुपारी इंग्रज उथळ पात्रातून चालत येऊन तटाच्या खिंडारातून आत शिरले. टिपूचा देह सापडला तिथं आता एक दगड आहे.

रंगनाथाचं, म्हणजेच आदिरंगाचं, देऊळ किल्ल्याच्या आतच. देव शेषावर निजलेला, पायाशी कावेरी. आपला विटेवर उभा; हा आडवा पाहून हात जोडायचे की पाय चेपायचे, असं झालं.

दुपारी संगमावर पाय सोडून बसलो. टाच झोंबली. पाणी पोटरीच्या वर आलं नाही.